ढिम्म्याचे दोन ठिपके

परवा माझा नातू मोबाईल घेऊन शेजारी येऊन बसला. त्याच्या खेळात राक्षस पकडायचे, वाढवायचे आणि दुसऱ्याच्या राक्षसांशी झुंजवायचे असतात. त्याने एक मरतुकडा, डोळे मिटलेला प्राणी दाखवला. "आजी, हा सगळ्यात हळू वाढतो. कोणालाच नको असतो. पण एकदा पूर्ण वाढला ना, मग याच्यासमोर कोणीच टिकत नाही."

"अन् तो वाढायच्या आधीच खेळ संपला तर?" मी विचारलं.

"खेळ कसा संपेल?" तो हसला.

मी उगाचच त्याच्यावर खेकसले. अभ्यास कर म्हणाले, डोळे फुटतील म्हणाले. बिचारा उठून गेला. माझा स्वभाव पहिल्यापासून असाच, तापल्या तव्यासारखा. पण तो राक्षस मी ओळखला होता. साठेक वर्षांपूर्वी तो माझ्या मालकीचा होता.

आम्ही तेव्हा खापरखेड्याच्या वीजघराच्या कॉलनीत राहायचो. बाबा कोळशाच्या यार्डात कामाला. वाळत घातलेल्या कपड्यांवर राख बसायची आणि आई दिवसातून दोनदा ते झटकायची. घरात आई, बाबा, मी आणि माझ्याहून थोडा मोठा भाऊ. बाबा वीजघरातून बल्बचे रिकामे खोके आणायचे. त्या पुठ्ठ्यांचे चौकोन कापून भावाने एक खेळ काढला होता. प्रत्येक चौकोनावर एक राक्षस. राखेचा राखोबा, चिमणीतून डोकावणारा धुऱ्या, रुळांवर झोपणारा लोखंड्या. तो ते पुठ्ठे कॉलनीत लपवून ठेवायचा, कधी पाण्याच्या टाकीमागे, कधी बसथांब्याच्या बाकाखाली. ज्याला सापडेल त्याचा तो राक्षस. रविवारी सगळे आपापले राक्षस घेऊन आमच्या क्वार्टरमागे जमायचे. प्रत्येक राक्षसाच्या पोटावर त्याची ताकद लिहिलेली असायची. पुठ्ठे उलटे टाकायचे, एकदम उघडायचे, ज्याची ताकद मोठी तो जिंकला. जिंकणाऱ्याची ताकद भाऊ वाढवून द्यायचा. सबंध कॉलनीत चाळीसच्या वर कोणी गेलेलं नव्हतं.

मला सापडला ढिम्म्या. निंबाच्या ढोलीत हात घालून काढला, मुंग्या चावल्या, आणि निघाला तो हा. डोळे मिटलेले, पाय पोटाखाली, ताकद एक. मी तो तिथंच फेकला. भावाने उचलून परत माझ्या हातात दिला.

"फेकू नको. हा मार खाऊन वाढते. दर रविवारी याले खेळवायचा. हा हरीन. हरला का एक ठिपका. तीस ठिपके झाले का याची ताकद शंभर."

"तीस रविवार मी हरू? मले नाही पाहिजे असला मुर्दाड."

"तुलेच पाहिजे," तो म्हणाला. "तुले सबर नाही."

हरणाऱ्याला दहा उठाबशा काढाव्या लागत. हिशेब सोपा होता, तीसदा दहा. मी मनातल्या मनात भावाला शिव्या देत त्या काढायला लागले. दर रविवारी तो जांभळ्या पेन्सिलीचं टोक जिभेवर ओलं करून पुठ्ठ्याच्या मागे एक ठिपका द्यायचा. पेन्सिल त्याच्याकडेच असायची. ठिपका देताना त्याचा चेहरा असा व्हायचा, जणू कोणाला नोकरी देतोय.

भाऊ स्वतःच ढिम्म्या होता, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. तो उशिरा बोलायला लागला, उशिरा चालायला लागला. काही विचारलं की एवढा वेळ घ्यायचा की विचारणारा निघून जायचा. वर्गात सगळ्यात बुटका. चौथीत नापास झाला, पुढे मॅट्रिकलाही एकदा गचकला. आणि यात त्याचा दोष नव्हता. तो वर्गातल्या पोरांपेक्षा दोन वर्षांनी लहान होता.

ही गोष्ट आमच्या घरी पाहुणा आला की हमखास निघायची आणि बाबा ती मोठ्या कौतुकाने सांगायचे. नागपुरातल्या धम्मदीक्षेचं वर्ष होतं. आमचं घर तेव्हा नागपुरातल्या जुन्या वस्तीत. बाबांना फक्त सही येत होती. पोराने शिकलं पाहिजे, आणि उद्या नाही, आजच, असं त्यांच्या डोक्याने घेतलं. भाऊ चार वर्षांचा. शाळेत सहाच्या आत घेत नसत. जन्माचा दाखला कोणाकडे होता? मास्तर पोराला उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला लावायचे. कान हाताला लागला की पोर सहा वर्षांचं. चार वर्षांच्या पोराचा हात काही तिथवर पोचत नाही. मग बाबांनी महिनाभर रोज संध्याकाळी त्याला शिकवलं. मान तिरपी कर, खांदा वर घे, बोटं लांबव. मास्तरांसमोर भावाने मान वाकडी केली आणि दोन बोटांनी कानाची पाळी पकडली. मास्तर हसले, पण वहीत सहा वर्षांपूर्वीची तारीख लिहिली.

"पठ्ठ्यानं कान धरलाच!" बाबा म्हणायचे आणि पाहुणे टाळ्या द्यायचे. भाऊ कोपऱ्यात बसून हळूच हसायचा. आईला मात्र ती गोष्ट आवडत नसे. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, एवढंच ती म्हणायची आणि चहा ठेवायला उठायची.

ढिम्म्याचे चोवीस ठिपके झाले आणि बातमी आली की शेजारच्या ऑपरेटरची बदली झाली. त्यांची दोन जुळी पोरं माझे सगळ्यात मोठे वैरी. चोवीस रविवारांतले निदान वीस तरी मी त्यांच्याकडून हरले होते आणि ती दोघं माझ्या उठाबशा मोठ्याने मोजायची. त्यांना जायला आता चारच रविवार होते. चोवीस आणि चार अठ्ठावीस. दोन कमी पडत होते. मी रात्रंदिवस तेवढाच विचार करत होते. शेवटी एका दुपारी भाऊ दळण आणायला गेला असताना मी त्याच्या पेटीतून पेन्सिल काढली, टोक जिभेवर ठेवलं आणि दोन ठिपके दिले. हुबेहूब.

शेवटच्या रविवारी जुळ्यांचं सामान ट्रकमध्ये चढत होतं. मी हरले, भावाने ठिपका दिला, आणि मी पुठ्ठा उलटा करून ओरडले, "तीस!" पोरांनी मोजले. तीसच होते. जुळ्यांची तोंडं पडली. मला वाटलं, आता मी या जगात कोणाला घाबरत नाही.

भावाने पुठ्ठा हातात घेतला. त्याने ठिपके मोजलेच नाहीत. "आज अठ्ठाविसावा रविवार आहे," तो म्हणाला.

मी नाही म्हटलं, शपथ घेतली, मग रडले, मग कबूल झाले. "दोनच तं टाकले!"

रडणं ऐकून बाबा बाहेर आले. पाळीवरून आलेले, तोंड अजून काळं. "काहून वं रडून राहिली?" त्यांनी सगळं ऐकलं आणि ते हसले. "जाऊ दे ना गा. लहान आहे ते. दोनानं काय होते?"

"दोनानंच सगळं होते बाबा," भाऊ म्हणाला. "कच्चाच वाढवला तं तो पुन्हा कधीच वाढत नाही."

त्याने पुठ्ठा आपल्या पेटीत टाकला. मी दहा उठाबशा काढल्या आणि जुळ्यांनी ट्रकच्या फळीवरून त्या मोजल्या. पुढच्या रविवारी कोणी आलं नाही. तो खेळ तिथंच संपला. भावाशी मी महिनाभर बोलले नाही.

पुढे भाऊ मॅट्रिक झाला आणि बाबांच्याच यार्डात हेल्पर म्हणून लागला. नोकरी करत करत, बाहेरून परीक्षा देत तो बी.ए. झाला. मग त्याने ठरवलं, सरकारी अधिकाऱ्यांची मोठी परीक्षा द्यायची. लोक हसले. कोळशातला पोट्टा साहेब होऊन राहिला, म्हणाले. पहिल्या वर्षी त्याला प्रश्नच कळले नाहीत, असं त्यानेच सांगितलं. दुसऱ्या वर्षी प्रश्न कळले, पण उत्तरं लिहायला वेळ पुरला नाही. तिसऱ्या वर्षी निम्मं लिहून झालं. दर वर्षी निकाल लागला की तो दोन दिवस पुस्तक उघडायचा नाही आणि तिसऱ्या दिवशी बसने सीताबर्डीला जाऊन वाचनालयात बसायचा. मी तोवर शाळेत शिकवायला लागले होते. मला दिसत होतं की तो वाढतोय. आमच्या घरात कोणी आशा बोलून दाखवत नसे, पण पाचव्या वेळी त्याला मुलाखतीचं पत्र आलं तेव्हा बाबांनी ते पत्र यार्डभर फिरवलं. त्या पत्रावर शेवटी कोळशाची बोटं उमटली होती. मुलाखतीत तो राहिला. उत्तर द्यायला फार वेळ घेतो, बहुतेक म्हणूनच.

सहाव्या वेळी अगदी थोडक्यात गेलं. आणि ती त्याची शेवटची वेळ होती. सवलतीची वर्षं धरूनही कागदावरचं त्याचं वय संपलं होतं. खऱ्या वयाने त्याला आणखी दोन वर्षं होती.

बाबांनी त्या निकालानंतर ती कानाची गोष्ट कधीच सांगितली नाही.

पण भावाचा अभ्यास थांबला नाही, हे मला फार लागायचं. आमच्या ओळीतला बॉयलरवरच्या कामगाराचा मुलगा त्याच परीक्षेला बसणार होता. तो संध्याकाळी वह्या मागायला यायचा, मग शिकायलाच बसायला लागला. परीक्षा झाल्यावर त्याने प्रश्नपत्रिका आणून दिल्या. भावाने टेबलावर गजराचं घड्याळ ठेवलं आणि रोज यार्डातून आल्यावर एकेक पेपर वेळ लावून सोडवला. प्रत्येक पेपर वेळेत पूर्ण झाला. "काहून लिहून राहिला?" आईने एकदा विचारलं. "पाहून राहिलो," एवढंच तो म्हणाला.

तो मुलगा पास झाला. पेढे घेऊन आमच्याकडे आला, भावाच्या पाया पडला आणि बाबांना म्हणाला, "काका, मी त्यांचे पेपर वाचले. भाऊ बसले असते तं माझ्या लय पुढे असते."

बिचाऱ्याने चांगल्या मनाने सांगितलं. बाबांनी पेढा हातात घेतला आणि तसाच ताटलीत परत ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा धुतलेला सदरा घालून, भावाचं मॅट्रिकचं प्रमाणपत्र पिशवीत घेऊन तयार होते. "शाळेत जाऊ. तारीख दुरुस्त करून आणू." बैल गेला आणि झोपा केला, हे माझ्या ओठावर आलं होतं. मॅट्रिकनंतर शाळेच्या वहीतली तारीख बदलत नाही, हे मला मास्तरीण म्हणून पक्कं ठाऊक होतं. भावालाही माहीत असणार. पण आम्ही दोघंही त्यांच्यासोबत बसमध्ये बसलो.

कान धरायला लावणारे मास्तर कधीच वारले होते. नवे हेडमास्तर माझ्याच वयाचे. त्यांनी जुनी वही शोधून काढली, पान उघडलं, भावाच्या नावावर बोट ठेवलं आणि अगदी मऊ आवाजात सांगितलं की आता हे कोणाच्याच हातात नाही.

बाबांना वाटलं, यांना नीट समजलेलं नाही. ते खुर्चीवरून उठले. त्यांनी उजवा हात डोक्यावरून नेला, मान तिरपी केली, खांदा वर घेतला आणि आपला डावा कान धरला.

"असा धरला होता गुरुजी. त्याचा हात पुरत नव्हता. मीच शिकवलं त्याले. चार वर्षाचं होतं ते लेकरू." हेडमास्तर खाली वहीत बघत राहिले. बाबा कान तसाच धरून उभे. "दोनच वर्षं तं वाढवले होते."

मी भावाकडे पाहिलं. माझ्या दोन ठिपक्यांसाठी त्याने मला अख्ख्या कॉलनीसमोर रडवलं होतं. आता बोल, मी मनात म्हणत होते. बोल ना काय होते दोनानं. एकदा तरी बोल.

तो नेहमीसारखाच सावकाश उठला. त्याने बाबांचा हात धरून डोक्यावरून खाली घेतला आणि प्रमाणपत्र पिशवीत ठेवलं.

"चाला बाबा," तो म्हणाला. "दोनानं काय होते?"