सुमनताईंचा काळा दोरा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलाला नाही, पाठच्या बहिणीलाही नाही. तुम्हाला का सांगतेय ते मलाही नीटसं ठाऊक नाही. परवा मुलाने बाल्कनीला जाळी लावून घेतली, कबुतरांचा त्रास फार झाला म्हणून. जाळीवाल्याने सहज विचारलं, आजी, जाळ्या नव्हत्या तेव्हा काय करायचे हो लोक? मी म्हटलं, काही नाही रे बाबा, हाकलायचो. आणि आत येऊन मेथी निवडायला बसले. मेथी तशीच राहिली.

हाकलायचो म्हणे. इतक्या वर्षांनी, एका अनोळखी माणसापुढेसुद्धा — खोटंच.

तेव्हा आम्ही विक्रोळीला राहायचो, टेकडीच्या पायथ्याच्या बैठ्या चाळीत. वर सिमेंटचे पत्रे, दारात पाण्याची पिंपं, आणि ज्यांच्याकडे टीव्ही होता त्यांच्या पत्र्यावर अँटेना. आमच्याकडे टीव्ही नवा होता. अँटेना लागला आणि चाळीतल्या तमाम कावळ्यांना बसायला हक्काची जागा मिळाली. ते त्यावर झुलायचे, चित्र हलायचं, पत्र्यावर पांढरे ओघळ यायचे. पिंपात मासळीची डोकी पडायची, कोंबडीची हाडं पडायची. मी चिडायची. मी तशी चिडकीच, माहेरी मला तिखटी म्हणायचे.

पण कावळ्यांना काही बोलायची सोय नव्हती. मामंजी मागल्या आषाढात गेले होते, आणि सासूबाई रोज सकाळी पहिल्या भाताचा घास पत्र्याच्या कोपऱ्यावर ठेवायच्या. कावळा येईपर्यंत चहाला शिवायच्या नाहीत. येणारा कावळा म्हणजे मामंजी. आता सांगा, सासऱ्याला हुसकावायचं कसं?

त्या वर्षी नणंदेचं लग्न ठरलं होतं. बाप गेला की वर्षाच्या आत मुलीचं लग्न उरकायचं, नाहीतर पुढे थांबावं लागतं, म्हणून मे महिन्यातली तारीख धरली. रुखवताचे पापड, कुरडया, सांडगी मिरची — सगळं माझ्या गळ्यात. ऊन लागायचं ते फक्त पत्र्यावर. मी पिंपावर चढून जुनं लुगडं पसरायची, त्यावर पापड मांडायची, खाली उतरून हात धुवेपर्यंत वर घाण केलेली. एक पूर्ण घाणा मी रडत रडत टाकून दिला. कॅसेटची फीत ताणून बांधली — वाऱ्याने ती भुणभुणते, पाखरं येत नाहीत म्हणतात. कावळ्यांनी ती ओढून नेली. मडक्याला चुन्याचे डोळे काढून ठेवलं, त्याच्या डोक्यावर बसले. चाळीला फुकट तमाशा झाला. पलीकडून सुमनताई हसायच्या, म्हणायच्या, शुभा, त्यांना आता तू एक टीव्हीच घेऊन दे.

सुमनताई म्हणजे आमच्या भिंतीला भिंत लागून असलेल्या खोलीतल्या. जालन्याकडच्या, नवरा गेलेला, एक मुलगी, उज्ज्वला. घरी मशीन टाकून रेक्झिनची दप्तरं शिवायच्या. भिंतीवर बुद्धाची तसबीर, समोर मशीन, आणि दिवसभर ती घरघर. चाळीत कुणाचं मूल आजारी पडलं की बाया लिंबू-मिरच्या उतरवायच्या. सुमनताई म्हणायच्या, आधी डॉक्टरकडं न्या, लिंबाचं सरबत करा. माझ्या मुलाच्या वेळी मला कळा सुरू झाल्या तेव्हा नवरा पाळीवर होता. रिक्षात माझं डोकं मांडीवर घेऊन बसल्या त्या सुमनताई. सासूबाई त्यांच्या हातचं पाणी पीत नसत, हेही सांगायला हवं. मी प्यायची. त्याचा मला मनातून अभिमानही वाटायचा — बघा, मी कशी वेगळी.

तर — कावळा.

माझं माहेर मालवणच्या बाजूला. तिथे वाळवणाच्या मासळीवर कावळे येऊ नयेत म्हणून काठीला मेलेला कावळा बांधतात. उलटा, पायांनी. एक बांधला की बाकीचे त्या बाजूला फिरकत नाहीत. लहानपणापासून बघितलेलं, त्यात मला काही वावगं वाटलं नाही. एका दुपारी नळाजवळच्या खांबाखाली तारेचा झटका बसून मेलेला कावळा पडला होता. वर दुसऱ्या कावळ्यांचा कालवा. सगळ्या बाया झोपलेल्या. मी तो वर्तमानपत्रात गुंडाळला.

दोरा मी सुमनताईंकडून आणला. दप्तरं शिवायचा काळा, जाड, मेण लावलेला दोरा. वाळवणाचं लुगडं बांधायला हवाय म्हटलं. त्यांनी दाताने तोडून हातभर दिला, वर म्हणाल्या, लागला तर अजून ने. पत्र्यावर खिळ्यांच्या ओळीवरून चालावं लागतं, खाली वासा असतो म्हणून. तशी जपून चालत मी मागच्या बाजूला गेले. आमचा पत्रा नि त्यांचा पत्रा जिथे मिळतो तिथे एक बांबूचं टोक वर आलेलं होतं. खालून दिसणार नाही असं. तिथे बांधला.

लपवून का बांधला? सासूबाईंसाठी. त्यांच्या लेखी मी मामंजींनाच उलटं टांगलं असतं.

आणि काय सांगू — गुण आला. कावळे गेले. पापड वाळले, चंद्रासारखे एकेक. नीट वाळलेल्या पहिल्या घाण्यातले मी डबा भरून सुमनताईंना दिले. मोठ्या दिमाखात दिले.

पण सासूबाईंचा घास तसाच पडून राहू लागला. मुंग्या लागायच्या त्याला. पहिल्या दिवशी त्यांनी वाट बघितली, दुसऱ्या दिवशी उपास धरला. मग त्या रडायलाच लागल्या. ह्यांना लग्न पसंत नाही, म्हणाल्या, पोरीचं काहीतरी वाईट होणार, आपण मुलाकडच्यांना नाही म्हणून कळवूया. नणंद आतल्या खोलीत तोंडात पदर कोंबून बसलेली. मी एकदा वर चढून दोरा तोडला असता की सगळं मिटणार होतं. पण उडदाचा शेवटचा घाणा वाळायचा राहिला होता. आणखी दोन दिवस, म्हटलं मी. पापडांसाठी. माझ्या डोळ्यांदेखत त्या म्हातारीने पोटात अन्न घेतलं नाही, आणि मी पापड उलटत होते.

रविवारी संध्याकाळी सिनेमाच्या वेळेला चित्र हलायला लागलं. समोरचे परबकाका अँटेना फिरवायला वर चढले. ते मागच्या बाजूला का गेले कोण जाणे — वास आला असेल. त्यांनी वरूनच हाक मारली, आणि तो कावळा काठीवर धरून खाली आणला. अर्धी चाळ टीव्हीसाठी आमच्याच दारात जमलेली. उलटा कावळा, पायाला काळा दोरा. कोकणातली माणसं आम्ही, करणी म्हटली की आमच्या अंगावर काटा येतो. एकाने शब्द काढला आणि तो सगळ्यांच्या तोंडी झाला. लग्नाच्या घरावर कुणीतरी करणी केली.

तुम्ही म्हणाल, परबकाकाही कोकणातलेच ना, त्यांना मासळीवरचा कावळा ठाऊक नव्हता? ते डोंगराकडचे, घाटाखालचे. समुद्र त्यांनी दादरलाच पाहिलेला. किनाऱ्यावरची त्या चाळीत मी एकटी. म्हणजे काय झालं होतं ते समजावून सांगू शकणारं माणूसही एकच होतं.

सासूबाईंनी दोरा हातात घेतला. "म्हणानच कावळे येत नाय होते," एवढंच म्हणाल्या. मग कुणीतरी म्हणालं की दोरा दप्तराचा दिसतो. सुमनताई त्यांच्या दारात उभ्या होत्या. पुढे आल्या, दोरा चिमटीत धरून बघितला. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही. वाट बघतात तसं.

"दोरा माझाच हाय," त्या म्हणाल्या. "ज्यानं नेला त्यानं सांगावं."

कुणी नेला, सगळे विचारू लागले. त्यांनी मान हलवली. "मी नाव घेणार न्हाई. तोंड ज्याचं त्याला हाय."

आणि मी गप्प बसले. इतकी वर्षं मी स्वतःलाही एवढंच सांगत आले — मी घाबरले, गप्प बसले. घाबरलेलं माणूस गप्प बसतं, त्यात काय एवढं? पण मी गप्प बसले नव्हते. ते खोटं आहे. मी बोलले. सासूबाईंनी माझ्याकडे वळून विचारलं, असा दोरा आपल्या घरात आहे काय गो? आणि मी म्हटलं —

"आपल्यात कुणाकडे असा दोरा नसतो. त्यांच्याकडेच असतो."

आपल्यात. त्यांच्याकडे. हे शब्द मला कुणी शिकवले नव्हते. कुणी माझ्या तोंडात घातले नव्हते. मी त्यांच्या हातचं पाणी पिणारी. ते ओठांवर तयारच होते जणू, आणि चाळीला तेवढे पुरले. त्यांच्या गावाकडे असलं चालतंच, कुणीतरी म्हणालं. विधवा बाई, दुसऱ्याच्या घरातलं लग्न बघवत नसेल, दुसरं कुणी. अख्ख्या चाळीत करणीवर विश्वास नसलेलं एकच घर होतं, आणि करणी त्यांनीच केली असं ठरलं. सुमनताई आत गेल्या. मशीन सुरू झालं नाही.

दुसऱ्या सकाळी कावळे परत आले. येणारच की. सासूबाईंनी घास ठेवला, तो लगेच गेला. त्यांनी डोळ्यांना पदर लावला आणि मला म्हणाल्या, "बघलंस? तुझे मामंजी इले. पीडा गेली." आता पुरावाच मिळाला ना. तो पुरावा खोटा आहे हे जगात दोघींना ठाऊक होतं, आणि त्या दोघींच्या मधे एक वीतभर भिंत होती. तरी मी तिकडे गेले नाही. संध्याकाळी जाईन, म्हटलं. मग लग्न झालं की जाईन, म्हटलं.

लग्न झालं. रुखवत सगळ्यांनी वाखाणलं. सुमनताईंना बोलावणं नव्हतं. नळावर बाया त्यांची कळशी मागे सरकवायच्या, त्या मुकाट्याने शेवटी भरायच्या. उज्ज्वलाशी कुणी पोरं खेळत नव्हती; माझा मुलगा रांगत तिच्याकडे गेला तर मीच उचलून आणला. हो, मीच. सगळे बघत होते म्हणून.

पाऊस संपायच्या आत त्यांनी खोली सोडली. मानखुर्दला भावाकडे जाणार असं कळलं. टेम्पोत मशीन चढवताना मी दाराआड उभी होते. उज्ज्वला आली आणि उंबऱ्यावर माझा डबा ठेवून गेली. आमच्या दोघींत भांडं कधी रिकामं परत गेलं नव्हतं. मी वाटी पाठवली की त्यात शेंगदाण्याची चटणी यायची, ठेच्याचा गोळा यायचा, काही नसलं तर गुळाचा खडा तरी यायचा. मी डबा उघडला.

आत माझेच पापड होते. पहिल्या घाण्यातले. मी घातलेला कागदही जागचा हलला नव्हता. म्हणजे त्या रविवारपासून, किंवा आधीपासूनच, त्यांनी एकही तळला नव्हता. त्यांना कधी कळलं असेल? पापड दिले तेव्हाच? मला ते विचारायचं धाडस झालं नाही. टेम्पो निघाला तेव्हा त्या पुढे ड्रायव्हरशेजारी बसल्या होत्या, उज्ज्वला मांडीवर. वळून बघितलं नाही.

सासूबाईंनी डबा बघितला आणि म्हणाल्या, "फेकून दी ते. त्या बाईचो हात लागलो हा." चाळीच्या मागे उकिरडा होता, तिथे गेले आणि डबा उपडा केला. मी पाठ फिरवायच्या आधीच कावळे खाली उतरले. पापड मोडल्याचा आवाज येत राहिला.

नंतर एकदा त्या मला घाटकोपरच्या बाजारात दिसल्या. केस पांढरे झाले होते. मी भाजीच्या गाडीमागे झाले, त्या जाईपर्यंत एकच दुधी हातात धरून उभी राहिले. मानखुर्द काही लांब नाही. मी कधी गेले नाही. सासूबाई गेल्या तेव्हाही, शेवटपर्यंत, त्या बाईने करणी केली होती असंच धरून गेल्या. मी त्यांच्या तोंडात पाणी घातलं, आणि तेव्हाही सांगितलं नाही.

तो कावळा मी बांधला होता. दोरा मी मागून आणला होता. आणि त्यांच्याकडेच असतो, असं मी म्हटलं होतं.