पाळण्याला 'बंद' पोचलाच नाही

आता काय सांगू तुम्हाला! आईशप्पथ, या किश्शातला शब्दन् शब्द खरा आहे. म्हणजे, एक जागा सोडून. ती कुठली ते शेवटी सांगतो. आधीच सांगितली तर चहा अर्धा टाकून उठाल.

नातीचं बारसं होतं, आमच्याच घरी, कात्रपला. आणि आजोबा कोण? आनंदनगर एमआयडीसीत मेंटेनन्सला असलेला माणूस! तो काय नातीला दोरीने ओढायचा पाळणा देणार? छ्या! आमच्या विहीणबाई अंबरनाथच्या भजनी मंडळात पेटी वाजवतात. ठरवलं, त्या कीबोर्ड वाजवतील आणि पाळणा आपोआप झुलेल. व्याह्यांकडे वट वाढली पाहिजे की नाही?

कीबोर्डने दुसऱ्या यंत्राला निरोप धाडायचा, हे मिडी प्रकरण सोपं असतं हो. कीबोर्डची पट्टी दाबली की वायरीतून निरोप जातो, 'सुरू'. किती जोरात दाबली, तेही कळतं. बोट उचललं की दुसरा निरोप, 'बंद'. शहाणी माणसं या निरोपांवर सूर वाजवतात. मी मोटर लावली.

मोटर आणली उल्हासनगर कॅम्प दोनच्या भंगारातून. दुकानदार म्हणाला, "साईं, ये ट्रक के वाइपर की है. पालना क्या, पूरा पलंग उड़ा देगी."

"वही तो चाहिए!" मी म्हणालो. कुठून बुद्धी झाली!

बारशाच्या दिवशी मोटरचा दांडा वरवंट्याने ठोकून बसवत होतो, तर बायको ओरडली, "अहो, तो वरवंटा द्या इकडे! बारशाला लागतो."

मला वाटलं, चटणी वाटायची राहिली असेल. मुलीच्या बारशाला मी सेकंड शिफ्टला होतो, मला काय ठाऊक?

बायका जमल्या. मी पाळण्यामागे वायरींत डोकं घालून बसलेलो. मान वर केली तर पाळण्यात कुंची घातलेलं एवढंसं गाठोडं! ट्रायल रिकाम्या पाळण्यावर घेतली होती हो!

"विहीणबाई, जरा हळू हं..."

"अहो व्याही, जन्म गेला पेटीवर," म्हणत त्यांनी पट्टीवर बोट ठेवलं. ठेवलं कसलं, रोवलं! मंडळाची जुनी पेटी, तिच्या कडक पट्ट्या, हातही तसाच बसलेला.

पाळणा जो उठला तो थेट पंख्याकडे! कड्या करकरल्या. खाली आला आणि दुसऱ्या बाजूने वर. बायका भिंतीला चिकटल्या.

"अगंबाई! व्याही, काहीतरी करा ना!" विहीणबाई किंचाळल्या, पण बोट उचलेनात. घाबरलेला माणूस हातातलं आणखी घट्ट धरतो, तसं!

ती इवलीशी कुंची एकदा दिसायची, एकदा नाहीशी व्हायची. देवाचं नाव आठवेना. डोळे मिटले आणि कीबोर्डची वायरच उपटली.

तीच घोडचूक! 'सुरू' केव्हाच पोचलेला. 'बंद' आता जाणार कुठून? वायर माझ्या हातात! विहीणबाईंनी दोन्ही हात वर केले तरी पाळणा आपला चालूच. आता तो कुणाच्या बापाचं ऐकणार नव्हता.

गाठोडं काठावर सरकलं. मी झेप घेतली. ते तोफगोळ्यासारखं सुटलं आणि मी छातीवर झेललं. धप्प! दोघंही जमिनीवर. माझा श्वास बंद, आणि पोर रडतही नाही! कुंची उघडली...

आत वरवंटा. काळाकुळकुळीत, कपाळाला कुंकू.

बायकोने शांतपणे भिंतीवरचं बटण बंद केलं. पाळणा थांबला. "अहो, बाळाच्या आधी पाळण्यात वरवंटा घालतात, गोप्या म्हणून. एवढंही माहीत नाही? आणि हे बटण काय शोभेला आहे?"

नात आतल्या खोलीत आईच्या मांडीवर गाढ झोपली होती.

आता ती खोटी जागा. झेप खरी होती. पण पाळण्याकडे नव्हती, बाहेरच्या दाराकडे होती. मेन स्विच बंद करायला हो! मेन स्विच स्वयंपाकघरात आहे, ही गोष्ट वेगळी.

म्हणूनच चारचौघांत मी "छातीवर झेलला" म्हणालो, की बायको आतून बामची बाटली घेऊन येते.

"काढा शर्ट. तुमची छाती अजून मागच्याच बाजूला आहे ना?"