पडद्यातले हात

मुरुमच्या बाजारपेठेत आमचा फोटो स्टुडिओ आहे. नवरा लग्नाकार्याचं शूटिंग करतो आणि मी दुकानात बसून फाटके, बुरशी लागलेले जुने फोटो संगणकावर दुरुस्त करते. एकदा साठीचे एक गृहस्थ स्वतःचा तान्हेपणीचा फोटो घेऊन आले. वडिलांच्या पेटीत सापडलेला. एकसष्टीच्या बॅनरवर लावायचा होता.

फोटोत स्टुलावर सहा-सात महिन्यांचं बाळ, मागं काळा पडदा. त्या पडद्यातून मनगटापर्यंत दोन हात बाहेर आले होते आणि त्यांनी बाळाला काखेत धरलं होतं.

"डाग काढा, ताई, आन ते हात बी काढा," ते म्हणाले. "लई विचित्र दिसतंय."

असे फोटो मी पाहिले होते. लेकरू हलू नये म्हणून घरातली बाई पडद्याआड बसायची. मी शेजारचा काळा रंग घेऊन एकेक बोट पुसत गेले. हात गेले, पण झबलं काखेत चुरगळलेलंच राहिलं. त्या चुण्याही काढल्या, तर बाळ पुढं कलंडल्यासारखं दिसायला लागलं. माझा हात नकळत स्क्रीनपाशी गेला. मग मूळ फोटो मोठा करून पाहिला. डाव्या मनगटावर गोंदण होतं, तीन ठिपके आणि खाली चंद्रकोर.

दुसऱ्या दिवशी ते म्हाताऱ्या आत्याला सोबत घेऊन आले. आई बाळंतपणातच गेलेली, त्यांना आत्यानंच वाढवलं होतं. मी स्क्रीनवर मूळ फोटो दाखवून विचारलं, "आजी, हे हात तुमचेच ना?"

त्यांनी दोन्ही मनगटं पुढं केली. गोंदणाचा मागमूस नव्हता. "म्या ह्याला बसवलं आन फोटोवाल्याच्या मागं जाऊन टाळ्या वाजवल्या. ह्यानं तिकडं बघावं म्हणून."

"मग पडद्यामागं कोण होतं?"

"पडदा भितीला खिळे मारून लावलेला व्हता, बाई. मागं जागाच कुठं व्हती?" त्या पुढं म्हणाल्या, "फोटो आला तवा ह्याच्या बापानं बघितला आन पेटीत घालून ठिवला. पुन्हा काढला न्हाय."

गृहस्थांनी हळूच विचारलं, "आईच्या हातावर व्हतं का गोंदण?"

आत्यांनी मान हलवली. "न्हाय. तिला सुईचं लई भ्या वाटायचं."

म्हातारपणी विसर पडतो, असं मी मनाला समजावलं. पण त्यांची मनगटं माझ्यासमोर होती.

"हात राहू द्या, ताई," शेवटी ते म्हणाले. "मला बसताबी येत नव्हतं, तवा कुणीतरी धरलं व्हतं."

मी फक्त डाग काढले. बॅनर चौकात लागला. त्यावरचं एकेक बोट माझ्या हाताएवढं झालं होतं. तो उतरेपर्यंत मी बाजाराला मागच्या गल्लीनं जात होते.