कॉम्प्युटरला लागलेली खारी हवा

आमच्या रत्नागिरीच्या ऑफिसात पहिला कॉम्प्युटर आला, तेव्हापासून एक मेकॅनिक त्याच्या दुरुस्तीला यायचा. आल्यावर आधी यंत्राशीच बोलायचा, "काय झाला गो बाय तुला?"

एकदा कॉम्प्युटर सुरू होतानाच अडकला. नवी टायपिस्ट रडवेली झाली. "बिघडवलात तर नोकरी जाईल," असं साहेबांनी तिला बजावलं होतं. मेकॅनिकने येऊन वाकून पाहिलं. तिची फ्लॉपी आतच राहिल्यामुळे यंत्र पुढे सरकत नव्हतं. शेजारच्या टेबलावरून मी बघत होतो. त्याने फ्लॉपी गुपचूप खिशात टाकली आणि यंत्राकडे बोट दाखवत गंभीरपणे म्हणाला, "साहेब, हिला समुद्राची खारी हवा लागली."

जाताना हसत त्याने फ्लॉपी तिच्या खणात सारली. दुसऱ्या दिवसापासून साहेब स्वतः रोज संध्याकाळी कॉम्प्युटरला शाल पांघरू लागले.