लाल नाडा आणि वॉल्टचं हिकरी

आमची मुलगी रोमन सैन्यात आहे. अमेरिकेत, नेपरव्हिलमधल्या बाकीच्या मराठी घरांतली मुलं डॉक्टर, वकील वगैरे झाली. आमची मुक्ताही सोमवार ते शुक्रवार लोकांचे कान तपासते. पण सुट्टीच्या दिवशी डोक्यावर शिरस्त्राण चढवून, ढाल-भाला घेऊन, उन्हाळी जत्रांमध्ये रोमन लढाई करून दाखवते. ही मंडळी आपलं सगळं सामान हाताने बनवतात. हाताने म्हणजे अगदी झाड तोडण्यापासून! यंत्राची करवत वर्ज्य, का तर रोमन लोकांकडे ती नव्हती. (रोमन लोकांकडे हेल्थ इन्शुरन्सही नव्हता, हे मी सांगून पाहिलं.)

मी जन्मजात भित्रा. त्यात आयुष्यभर इन्शुरन्स कंपनीत नोकरी केली, म्हणजे माणूस कशाकशाने मरू शकतो याचा पगार घेऊन अभ्यास केला. त्यामुळे मुक्ता जेव्हा पोहे खाता खाता म्हणाली, "शनिवारी वॉल्टच्या फार्मवर झाडं कापायला जातोय," तेव्हा माझा चमचा हवेतच राहिला.

"झाडं? कुऱ्हाडीने? तू?"

"बाबा, रिलॅक्स. भाल्याच्या दांड्यांना ॲशचं लाकूड बेस्ट असतं. वॉल्टची ॲश किड्यांनी मेलीयेत, तो फ्री देतोय."

"अगं, मेलेलं झाड कुठेही पडतं!"

"देन डोन्ट स्टँड देअर."

पोटची पोर कुऱ्हाडींच्या गराड्यात जाणार आणि आपण घरी बसून चहा पिणार, हे काही मला जमेना. मी येतो म्हणालो. म्हणताक्षणी पश्चात्ताप झाला. पण तोवर आमच्या सौभाग्यवतींनी, सुनंदाने, पिशवी भरलीसुद्धा! कुंकू, अक्षता आणि लाल नाडा.

"झाड तोडण्याआधी त्याची क्षमा मागायची, नाडा बांधायचा. माझ्या माहेरी हीच पद्धत आहे. उगाच झाडावरचं काही पोरीच्या मागे लागायला नको."

"अगं, अमेरिकेत मुंजा कुठला आलाय?"

"नाही म्हणून तुम्हाला कोणी लेखी दिलंय?"

दिलेलं नव्हतं. मी मुकाट्याने पिशवी खांद्याला लावली.

वॉल्ट हा उंच, म्हातारा, मोजकं बोलणारा शेतकरी. शनिवारी फार्मवर पोचलो, तेव्हा मुक्ताचं सैन्य आपल्या गाड्यांमधून कुऱ्हाडी आणि पाचरी उतरवत होतं आणि त्यांचा सेनापती ग्रेग (एरवी डेंटिस्ट, म्हणजे मला दोन्ही कारणांनी धडकी भरवणारा) सगळ्यांना सूचना देत होता. मी कुऱ्हाडींपासून जमेल तितका लांब सरकलो, तेव्हा वॉल्टने मला शेताच्या कडेचं एक प्रचंड हिकरीचं झाड दाखवलं.

"सप्टेंबरमध्ये माझ्या मुलीचं लग्न आहे. याच झाडाखाली," तो म्हणाला. एवढं बोलताना त्याचा आवाज जरा हलला. मलाही मुलगी आहे. मी मान डोलावली.

या गप्पांत ग्रेगच्या सूचना माझ्या कानावर पडल्याच नाहीत. त्यातली मुख्य सूचना, मला नंतर कळली ती, अशी होती: "वॉल्टने आपल्याला दिलेल्या झाडांना लाल खूण केलीये. जिथे लाल दिसेल, ते आपलं."

काम सुरू झालं. ढलप्या उडायला लागल्या. पहिलं ॲश कडकड करत आडवं झालं, तशी जमीन हादरली. आता सुनंदाचा नाडा बांधायचा तर त्या कुऱ्हाडींच्या मधोमध जायला हवं. मी एक पाऊल पुढे टाकलं, दोन मागे आलो. मग मी शांतपणे विचार केला (म्हणजे हिकरीच्या बुंध्यामागे दडून केला). देव एक, वृक्षदेवताही एकच असणार. आणि मी ज्या झाडामागे लपलोय, त्याच्या कृपेची मला जास्त गरज आहे!

बाटलीतल्या पाण्यात कुंकू कालवून मी हिकरीला चांगला तळहातभर मळवट भरला. अक्षता टाकल्या. लाल नाड्याचे वेढे दिले. "हे वृक्षराजा, चुकलंमाकलं पोटात घाल, माझ्या मुलीला सांभाळ, आणि जमलंच तर माझ्यावर काही पडू देऊ नकोस." मन एकदम हलकं झालं. वॉल्टने घरात कॉफीला बोलावलं, तसा मी हातही न धुता लगेच गेलो.

पहिला घोट घेतला आणि आवाज आला. ठक्! ठक्!

"जवळून येतोय," वॉल्ट म्हणाला.

मी खिडकीतून पाहिलं. दोन धिप्पाड रोमन सैनिक हिकरीच्या बुंध्यावर आनंदाने घाव घालत होते! नाडा, कुंकू, लाल... आणि सप्टेंबरमधलं लग्न! वॉल्टला सांगावं, तर त्याच्या भिंतीवर बंदूक टांगलेली. न सांगावं, तर झाड जातंय.

"मी जरा बघून येतो," एवढं कसंबसं बोलून मी धावत सुटलो. आयुष्यात पहिल्यांदाच मी संकटाच्या दिशेने धावत होतो. पायांनाही ते नवीन असावं, कारण ते एकमेकांत अडकत होते.

"स्टॉप! अरे थांबा! बाबांनो, थांबा!"

सैनिकांच्या कानात बोळे होते, मुक्तानेच सक्तीने घालायला लावलेले. त्यांना ढिम्म ऐकू येईना. मी दोन्ही हात वर करून किंचाळलो. पलीकडे ओंडक्यात पाचर ठोकणाऱ्या मुक्ताने वर पाहिलं. तिला दिसलं ते हे: बाप बोंबलत धावतोय आणि त्याचे दोन्ही हात लालभडक!

"बाबा! ओ माय गॉड! ही इज ब्लीडिंग!"

तिची किंकाळी मात्र बोळ्यांतूनही आत गेली. कुऱ्हाडी थांबल्या. ग्रेग औषधांची पेटी घेऊन धावत आला आणि त्याने मला आडवंच केलं. "कुठे लागलंय? बोटं हलव! बोटं हलव!"

"इट इज नॉट ब्लड! इट इज कुंकू!"

"कुठे आहे कुंकू?" असं म्हणत तो माझं पोट दाबायला लागला.

"ग्रेग, लीव्ह हिम," मुक्ता थंड आवाजात म्हणाली. तिची नजर हिकरीवर गेली होती. "बाबा, हा नाडा तू बांधलास?"

तेवढ्यात वॉल्ट आला. त्याने खाचेवरून हात फिरवला, बोट आत घालून पाहिलं. माझ्या डोळ्यांपुढे त्याची मुलगी, भिंतीवरची बंदूक, आणि या माणसांना पुन्हा कधी तोंड न दाखवू शकणारी माझी मुक्ता असं सगळं एकदम आलं. पण बोलणं भाग होतं. झाड तोडण्याआधी क्षमा मागायची आमची पद्धत त्याला समजावली.

"पण हे झाड तोडायचं नव्हतंच," वॉल्ट म्हणाला.

"हो. पण तोडायच्या झाडाजवळ जायची मला भीती वाटली."

त्याने खाच पुन्हा एकदा तपासली. मग म्हणाला, "खाच वरवरची आहे. जगेल. फोटो दुसऱ्या बाजूने काढू." सैनिक नाडा सोडायला गेला, तसा त्याने हात धरला. "तो राहू दे. माफी मागायची वेळ तर आत्ता आलीये."

मुक्ताने सुटकेचा श्वास सोडला. मी तर तिथेच गवतावर बसलो.

पण रोमन सैन्यात चुकीला शिक्षा असते म्हणे. ग्रेगने तिथल्या तिथे निकाल दिला: यापुढे मी शत्रूच्या बाजूने लढाईत उतरायचं. संवाद नाहीत. रोमन सैन्य दिसलं, की घाबरून पळत सुटायचं, एवढंच काम. मुक्ता म्हणाली, "बाबा, यू आर अ नॅचरल."

पहिला शो गेल्याच महिन्यात झाला. शत्रूच्या वेषातल्या झग्याचा घोळ सावरत मी उभा होतो. समोरून ढाली घेतलेली रांग आली आणि मी असा काही पळालो, की मैदान ओलांडलं, पार्किंग गाठलं, गाडीत शिरून दारं लॉक केली. आपण एवढा जिवंत अभिनय करू शकतो, याचा मला अभिमान वाटत होता. तोच मुक्ताने काचेवर टकटक केली.

"बाबा, बाहेर ये. शो एक तासाने आहे. आत्ता आम्ही फक्त सामान उतरवतोय."