मुशीच्या तेलाचा डबा

झाडं कापायचं मशीन कसं निवडावं हे मला कोणी विचारलं, तर मी एवढंच सांगतो की मी निवडलं तसं निवडू नये. ऐंशीच्या आगेमागे बोईसरच्या एका भंगारवाल्याकडे तीन चेनसॉ आले होते. परदेशी बोटीवरून उतरलेत, असं तो म्हणाला. एक लहान होता, फांदीवर बसून सावरता येईल असा. एक मधला. आणि एक इतका थोरला, की त्याची पट्टी माझ्या मांडीपासून घोट्यापर्यंत यायची. माझ्या जोडीदाराने मुकाट्याने लहानाकडे बोट दाखवलं. तो डोंगराकडच्या पाड्यावरचा, झाडावर चढणारा खरा माणूस तोच. मी खाली उभा राहून दोर धरायचो आणि गिऱ्हाइकांशी बोलायचो. म्हणजे मशीन वर न्यायचं त्याने आणि पसंत करायचं मी. मला वाटलं, मशीन जेवढं मोठं तेवढे आपण मोठे. थोरला घेतला. पहिल्याच दिवशी तो दोराला बांधून वर ओढताना जोडीदार म्हणाला, "म्हैस माडावर चढवायची हाय का?"

निगा राखण्यातही माझी तीच तऱ्हा. साखळी उलटी बसवून मी अर्धा दिवस एका शेवग्याला गुदगुल्या केल्या आहेत. धार लावताना गोल कानशीने प्रत्येक दाताला तीन हात द्यायचे हे शिकलो, पण सुरुवात कुठल्या दातापासून केली तेच विसरायचो आणि काही दातांना सहा-सहा हात बसायचे. शेवटी बायकोने पहिल्या दातावर नेलपॉलिशचा लाल ठिपका दिला. तेव्हापासून माझं मशीन हे पालघर-बोईसर पट्ट्यातलं एकमेव नखरेल मशीन होतं.

या मशीनला दोन तोंडं असतात. एका तोंडाने ते पेट्रोल पितं, दुसऱ्याने तेल. हे दुसरं तेल साखळीसाठी. पट्टीवरून गरगर फिरताना साखळी तापू नये म्हणून ते थेंबाथेंबाने झिरपतं आणि फिरत्या साखळीवरून उडून जातं. आम्ही ट्रकच्या गॅरेजमधलं जळकं ऑईल घालायचो. त्याचे काळे शिंतोडे माझ्या प्रत्येक सदऱ्यावर असत, आणि त्यांच्यावर साबण चालत नसे. बायकोने ही तक्रार माहेरी, दांडीला, बोलता बोलता सांगितली. इथून पुढची सगळी फजिती सुरू झाली.

बायको कोळ्याची. मी सफाळ्याच्या आतल्या बाजूचा, भातशेतीवाल्याचा. लग्न आम्हीच जमवलेलं. सासरे लग्नाला आले, अक्षता टाकल्या आणि न जेवता परत गेले नाहीत असं मी लोकांना सांगायचो. खरं म्हणजे ते न जेवताच गेले. माझ्यावर कधी ओरडले नाहीत, फक्त माझ्याशी बोलायचे नाहीत. सणावारी आम्ही दांडीला गेलो की ते जाळं दुरुस्त करत बसलेले असत, मी दोन हातांवर, आणि ते मुलीला सांगत, "त्याला सांग, चाय निवली." मीही तसाच वागायला शिकलो. "बाबांना सांग, पितो." बिचारी आमच्या दोघांमध्ये टपालखात्यासारखी बसायची.

तिची आई लहानपणीच गेली होती. तिच्या वेण्या बापानेच घातलेल्या. त्यामुळे तिला एकच हवं होतं, बाबांनी एकदा बोईसरजवळ, सरावलीला आमच्या खोलीत यावं. बाकी काही नाही. आमच्या वस्तीत सगळ्या खोल्या सारख्या, कारखान्यांतल्या कामगारांच्या, एकीसारखी दुसरी. म्हणून ती प्रत्येक भेटीत निघताना वाट सांगायची: तिसरी गल्ली, हातपंपाच्या समोरून आत, डावीकडचं पाचवं दार. ते जाळ्यातून सुई ओढत "हं" म्हणायचे. अडीच वर्षं ती वाट सांगत होती आणि अडीच वर्षं ते हं म्हणत होते.

तर मशीनला तेल लागतं हे ऐकल्यावर चौथ्या दिवशी बोईसरच्या बाजारात दांडीच्या एका मासळीवालीने माझ्या बायकोच्या हातात पत्र्याचा एक डबा ठेवला. बापाने पाठवलाय, म्हणाली, त्याच्या मशीनला. डब्यात मुशीचं तेल होतं. मुशी म्हणजे आपल्याकडचा छोटा शार्क. तिच्या यकृताचं तेल काढून लाकडी होडीला चोपडतात, म्हणजे खारं पाणी लाकडाला खात नाही. आता या तेलाचा वास शब्दांत सांगता येत नाही, आणि साबणाने जात नाही. पण बायकोने झाकण उघडून डोळे मिटले आणि लांब श्वास घेतला. तिला तो बाबांच्या हातांचा वास होता. "त्यांनी तुमच्यासाठी पाठवलंय," एवढंच म्हणाली. अडीच वर्षांत त्यांनी मला दिलेली ती पहिली वस्तू होती. मी मशीन भरलं.

दुसऱ्या दिवशी पालघरला काम होतं. एका कुटुंबाच्या कौलांवर गुलमोहराची फांदी झुकली होती. कुटुंब इतकं सोवळं, की लसूणसुद्धा त्यांच्या कुंपणाबाहेरून जात असावा. दिवाळी नुकतीच झालेली, अंगणात धोतरांवर उडदाचे पापड वाळत घातलेले. मी जोडीदाराला म्हटलं, आज तू दोर धर, खालची फांदी मीच शिडीवरून उडवतो. चांगलं तेल मिळालं की माणसाला असा जोर येतो. मशीन सुरू झालं, साखळी फिरली आणि तेलाची एक सुंदर कमान हवेतून निघून थेट पापडांवर गेली. मला काहीच कळलं नाही, कारण मी फांदीकडे बघत होतो. खाली पाहिलं तेव्हा झाडाभोवती पाच मांजरं बसली होती, वर तोंड करून, भक्तिभावाने. सहावं कुंपणावरून येत होतं.

घरच्या बाई बाहेर आल्या. त्यांनी एक पापड उचलला, हुंगला, परत ठेवला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी सगळे पापड शांतपणे धोतरासकट गुंडाळले आणि माझ्या हातात दिले. "हे आता तुमचे," म्हणाल्या. आम्ही होळीपर्यंत ते पापड खाल्ले. बायकोला आवडले.

खरी गंमत दोन दिवसांनी. मशीन काढलं तर साखळी पट्टीला चिकटलेली. इंजीन घुमतंय, साखळी हलायला तयार नाही. मुशीचं तेल वाळून डिंकासारखं झालं होतं. होडीला ते चोपडतात ते याच गुणासाठी, वाळून लाकडाला कवच होतं म्हणून. होडीचा गुण तो साखळीचा अवगुण. मी रॉकेलमध्ये साखळी भिजवून दातांच्या ब्रशने सकाळभर घासत बसलो, आणि बायको बाजारात निघता निघता दारात थांबली. मासळीवाली भेटेल, बाबा विचारतील, काय सांगू?

तिचा चेहरा बघून मी म्हणालो, "सांग, मशीन लोण्यासारखं चालतं."

पुढच्या महिन्यात दुसरा डबा आला. मग तिसरा.

खोटं बोलणाऱ्याने साठवायला जागा आधी बघून ठेवावी. डबे टाकून देणं शक्य नव्हतं, बायकोच्या देखत तर नाहीच. विकत कोण घेणार? मशीनमध्ये गुपचूप जळकं ऑईल घालत राहिलो आणि मुशीचं तेल आधी कुऱ्हाडीच्या दांड्यांना लावलं. मग बांबूच्या शिडीला, मशीनच्या लाकडी पेटीला. चौथा डबा आल्यावर दाराची चौकट झाली, मग दार, दोन्ही खिडक्या, पाट, छताचे वासे. शेजारी उत्तर प्रदेशातला एक फिटर राहायचा. तो नाकाला रुमाल लावून म्हणाला, "भैया, घर बना रहे हो कि नाव?" लाकडं मात्र अशी काळीभोर, तुकतुकीत झाली की वाळवी आमच्या दारावरून मान खाली घालून पुढच्या घरी जायची. आणि बायको दुपारची त्या चौकटीला टेकून भाजी निवडत बसायची.

सात डबे झाल्यावर, होड्या पावसाळ्यासाठी वर ओढायच्या दिवसांत, निरोप आला. घरामागचा सुरूचा माड कललाय, त्याचे ओंडके होडीखाली टेकूला घालायचेत. मशीन घेऊन या.

बायको दोन दिवस गुणगुणत होती. मी ठरवलं, यावेळी खोटं खरं करून दाखवायचं. त्यांच्या डोळ्यांदेखत त्यांच्याच तेलावर मशीन चालवायचं. तेल ताजं असलं तर चालतंच. इथवर माझा हिशेब बिनचूक होता. पण उत्साहाच्या भरात मी तीन दिवस आधीच तेल भरलं, मशीन चालवून बघितलं, सुंदर चाललं, आणि पेटीत घालून ठेवलं.

दांडीच्या किनाऱ्यावर अर्धा कोळीवाडा जमला होता. जावई मशीन घेऊन आलाय म्हटल्यावर जमणारच. मी ऐटीत दोरी खेचली. इंजीन गरजलं. साखळी जागची हलली नाही. पुन्हा खेचली. लाल ठिपक्याचा दात आमच्या सगळ्यांकडे बघत तिथेच उभा. एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, "नुसतंच भुकतंय, चावत नाय."

सासरे गर्दीतून पुढे आले. मशीनशेजारी उकिडवे बसले, साखळीवर नख घासलं आणि नख नाकाशी नेलं. सगळं आयुष्य त्या तेलात गेलेला माणूस. मुलीकडे न बघता म्हणाले, "इचार त्याला, पयल्या डब्यालाच असं झालेलं?"

बायकोने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली.

"मग बाकीचे डबे?"

"घराला लावले," मी बायकोला सांगितलं. तिने त्यांना सांगितलं. माझ्याच कानांना ते खोटं वाटलं. लोक हसले. ते हसले नाहीत, उठले आणि कुऱ्हाड घेऊन आले. सुरू आम्ही हातांनीच पाडला, मी, बरोबर आलेला जोडीदार आणि सासरे. निघताना बायकोने वाट सांगितली नाही. एस.टी.त ती खिडकीकडे तोंड करून बसली होती. त्या माणसाने दर महिन्याला, मासे कमी मिळाले त्या महिन्यातसुद्धा, डबा भरून पाठवला होता, आणि आम्ही कोळीवाड्यासमोर त्याचं हसं करून आलो होतो. अशा वेळी विनोद सुचला तरी माणसाने तो करू नये. मला सुचला होता. केला नाही.

आठवड्याने मी दारात बसून साखळीला धार लावत होतो. बायको आत भात टाकत होती. गल्लीच्या तोंडाशी कोणीतरी थांबलेलं दिसलं. डोक्याला लाल टोपी, हातात पत्र्याचा डबा. आठवा डबा, माझ्या मनात आलं.

सासरे सरळ आमच्या दारापर्यंत चालत आले. आत येण्याआधी थांबले. चौकटीवर तळहात ठेवला आणि वरपासून खालपर्यंत सावकाश फिरवला, होडीच्या अंगावरून फिरवावा तसा. कोपऱ्यात, बिजागरीपाशी, बोट थांबलं. तिथे मी हात मारायला चुकलो होतो. बायको आतून आली ती हातात पळी घेऊन तशीच उभी राहिली.

"घर कसं सापडलं, बाबा?"

"कोपऱ्यावरनं वास आला," ते म्हणाले. "कोणाला इचारलं नाय."

तिच्या पळीतलं पाणी फरशीवर गळत होतं. ते आत आले, पाटावर बसले, पाटावरही हात फिरवून बघितला. मग डबा माझ्यापुढे सरकवला. मी धीर करून झाकण उघडलं. आत काळंकुट्ट जळकं ऑईल होतं, त्यांच्या होडीच्या इंजिनातून काढलेलं, फडक्यातून गाळून घेतलेलं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. माझ्याकडेच, मधे कोणी नव्हतं.

"हे तुज्या मशीनला," ते म्हणाले. "ते घराला. बिजागरीपाशी अजून एक हात दे, पावसाआधी."

आणि मी, तीन वर्षांच्या सवयीने, बायकोकडे वळून म्हणालो, "बाबांना सांग, देतो."

"तुमीच सांगा की," ती म्हणाली. "समोर बसलेत."