'रोझ-टिंटेड ग्लासेस' आणि आमची घाटकोपरची चाळ

मंडळी, आज संध्याकाळी बोरीवलीच्या घरी सातवीतल्या लेकीला इंग्रजी वाक्प्रचार शिकवत होते. 'रोझ-टिंटेड ग्लासेस'वर गाडी अडली.

"गुलाबी काचांचा चष्मा घातला की सगळं छानच दिसतं ना, तसं," मी म्हटलं.

"उदाहरण दे ना!"

मी आमच्या घाटकोपरच्या चाळीबद्दल सांगायला लागले. दिवसभर उघडी दारं, गच्चीवरचे पापड, भूक लागेल त्या घरी जेवायचं. "काय झकास दिवस होते गं!"

शेजारी मेथी निवडत बसलेली माझी आई म्हणाली, "झकास? तू पोटात असताना भरल्या बादल्या घेऊन जिने चढायचे मी."

लेक ओरडली, "म्हणजे आई, चष्मा तूच घातलायस!"

मला हसू आलं, पण आई हसली नाही. मेथी निवडता निवडता म्हणाली, "तुला काही कळू नये म्हणूनच तर सगळी धडपड होती. तुला छान आठवतंय ना? बस्स मग."

आज पहिल्यांदाच तिला विचारलं, "आई, तुला कसे गेले गं ते दिवस?"

ती बोलत राहिली. मेथी तशीच पडली, जेवण बाहेरून मागवलं.

तुम्ही विचारलंय कधी घरी?